चांदीच्या रुपयाची पारख आणि त्याचे रास्त मोल

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्यासपीठावर विद्वान वक्ते असताना माझ्यासारख्या साध्या शिक्षकाला बोलावयास सांगितले, हा मी माझा बहुमान समजतो. विषय निवडण्याची मोकळीक मला दिली होती. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर माझ्याहून अधिकारी व्यक्ती बोलतीलच. मी एका लहानशा वस्तूविषयी बोलणार आहे. ही वस्तू आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात, पेटीच्या तळाशी, फडक्यात बांधलेली असते. कोणाला ती आजीकडून मिळाली, कोणाच्या आईला मेहेरमध्ये मिळाली, कोणाच्या आजोबांनी मुंबईच्या गोदीत घाम गाळून ती साठविली. ती वस्तू म्हणजे चांदीचा रुपया. आपले वाडवडील त्याला राणीछाप, राजाछाप, कलदार अशा नावांनी ओळखत.

हा रुपया अडीअडचणीला बाहेर निघतो. मुलीचे लग्न, मुलाची फी, घरातले आजारपण. त्या वेळी घरातील माणूस घाईत असतो आणि समोरचा माणूस जाणकार असतो. अशा व्यवहारात कोणाचे नुकसान होते, हे सांगावयास नको. म्हणून रुपया हातात घेतल्यावर काय पाहावे, कोणत्या क्रमाने पाहावे आणि त्यावरून त्याची रास्त किंमत कशी काढावी, एवढेच आज सांगावयाचे आहे. सारांश आधीच सांगून टाकतो. आधी नाणे वाचा, मग तोला, मग त्याची अवस्था ठरवा आणि किमतीचा शब्द सर्वांत शेवटी काढा. हा क्रम उलटा झाला की माणूस फसतो.

प्रथम रुपयाचा वंश पाहू. शेरशाह सूर याने सोळाव्या शतकात सुमारे १७८ ग्रेन वजनाचा चांदीचा रुपया पाडला आणि मोगलांनी तीच परंपरा चालविली. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५ साली आपल्या साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच आपला एक तोळा. जुनी माणसे ‘रुपयाभार’ म्हणतात ते यावरूनच. जकातीच्या निसाबाचे साडेबावन्न तोळे आपण सर्वजण ऐकून आहोत, तो तोळाही हाच. या रुपयात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी व एक भाग इतर धातू असे. म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या रुपयात शुद्ध चांदी सुमारे १०.६९ ग्रॅम. १८३५ पासून दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत हे प्रमाण बदलले नाही. राजे बदलले, राण्या बदलल्या, चांदी तीच राहिली.

१९४० साली मात्र मोठा बदल झाला. युद्धामुळे चांदी वाचविणे भाग पडले आणि रुपयातील चांदी निम्म्यावर आली. निम्मी चांदी, चाळीस टक्के तांबे आणि उरलेल्या दहा टक्क्यांत निकेल व जस्त असा तो मिश्र धातू होता. वजन तेच ११.६६ ग्रॅम, पण शुद्ध चांदी केवळ ५.८३ ग्रॅम. १९४५ पर्यंत असे रुपये निघाले. १९४७ साली वाघाचे चित्र असलेला रुपया आला, त्यात चांदी मुळीच नाही, तो निकेलचा आहे. म्हणून माझी पहिली विनंती अशी की रुपया हातात आला की प्रथम साल वाचा. ज्याला चार आकडे वाचता येतात त्याला निम्मी फसवणूक टाळता येते.

हे मी उगाच म्हणत नाही. आमच्या एका विद्यार्थिनीच्या आईने मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी घरातील अकरा रुपये विकले. ज्या दुकानात ते विकले त्याचे नाव घेण्याचे मला कारण नाही. तेथे सर्व नाणी एकत्र तोलली गेली आणि ‘हा निम्म्या चांदीचा माल आहे’ असे सांगून त्याप्रमाणे पैसे दिले गेले. विकण्यापूर्वी मुलीने हौसेने सर्व नाण्यांची साले वहीत उतरवून ठेवली होती. ती वही तिने मला नंतर दाखविली. अकरांपैकी केवळ चार रुपये १९४० नंतरचे होते, सात त्याआधीचे होते. आता हिशोब करू. सोयीसाठी चांदी ग्रॅमला १०० रुपये धरा, प्रत्यक्ष भाव त्या त्या दिवशी पाहावा. अकरा नाणी निम्म्या चांदीची धरली तर ६,४१३ रुपये होतात. खरा हिशोब असा: चार नाण्यांचे २,३३२ आणि सात नाण्यांचे ७,४८३, मिळून ९,८१५ रुपये. फरक ३,४०२ रुपयांचा. ही झाली नुसत्या चांदीची गोष्ट. त्या सातांपैकी एखादे नाणे संग्राहकाला हवेसे होते की नव्हते, हे आता कोणीच सांगू शकणार नाही, कारण ते मुशीत गेले. बाईंनी साल वाचले असते तर काय झाले असते, असा प्रश्न मी विचारणार नाही. साल वाचावयाचे असते हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. सांगण्याचे काम आपले, शिकलेल्यांचे होते.

आपल्या मराठवाड्यातील पाहुण्यांसाठी एक पुरवणी जोडतो. निजामाचा चारमिनार छाप रुपया, ज्याला हाली म्हणत, तो इंग्रजी रुपयाच्या मापाचा नाही. मीर महबूब अली खान यांच्या आणि मीर उस्मान अली खान यांच्या सुरुवातीच्या काळातील या रुपयाचे वजन सुमारे ११.१८ ग्रॅम आणि चांदी हजारात ८१८ भाग. म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. तेव्हा दोन्ही प्रकारचे रुपये एकाच हिशोबात मिसळू नयेत.

साल वाचल्यावर इतर अक्षरे वाचावीत. १८३५ च्या रुपयावर चौथा विल्यम आहे, १८४० पासून व्हिक्टोरिया. १८७७ पूर्वीच्या नाण्यांवर तिच्या नावापुढे ‘क्वीन’ आहे आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’. येथे एक गंमत लक्षात ठेवावी. कंपनीने १८४० हे साल १८६१ पर्यंत तसेच ठेवले आणि नंतर १८६२ हे सालही कित्येक वर्षे बदलले नाही, ते १८७४ मध्ये बदलले. म्हणून १८४० किंवा १८६२ असे साल पाहून ‘किती जुने’ म्हणून हरखून जाऊ नये. या सालांचे रुपये भरपूर आहेत. जुने म्हणजे मौल्यवान, ही समजूत चुकीची आहे. किंवा असे म्हणू या की ती अपुरी आहे.

सातव्या एडवर्डचे रुपये १९०३ ते १९१० या सालांचे आहेत आणि पाचव्या जॉर्जचे १९११ पासूनचे. या दोन्ही राजांच्या रुपयांवर मागील बाजूस फारसी लिपीत ‘यक रुपिया’ असे लिहिलेले आहे. आपली उर्दू वाचणारी मुले ते चटकन वाचतात आणि त्यांना मोठा आनंद होतो. जॉर्जच्या रुपयावर मागील बाजूस तळाशी कमळाच्या फुलाखाली बारीक ठिपका असेल तर ते मुंबईच्या टाकसाळीचे नाणे, नसेल तर कलकत्त्याचे. डोळ्यांना जेमतेम दिसणारा हा ठिपका काही सालांत किमतीत मोठा फरक पाडतो.

१९११ च्या रुपयाची हकीकत आपल्या मंडळींनी ऐकलेली असेल. राजाच्या झग्यावरील साखळीत एक हत्ती कोरलेला होता. त्याची सोंड इतकी आखूड उतरली की लोकांना तो डुकरासारखा दिसू लागला. मुसलमानांत नाराजी पसरली. सरकारने ती नाणी आवरती घेतली, बहुतेक वितळविली आणि १९१२ पासून हत्ती नीट सोंडेचा केला. जी नाणी लोकांच्या हाती राहिली, त्यांना आज संग्राहक विचारतात. येथे किंमत कशामुळे आली? नाणे १९११ चे आहे म्हणून नव्हे. ते थोडे उरले आणि त्याला हकीकत आहे म्हणून.

उलट उदाहरण १९१८ चे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीची विलक्षण टंचाई झाली. अमेरिकेने पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळविले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली. त्या सुमारास आपल्या टाकसाळींनी कोट्यवधी रुपये पाडले. म्हणून १९१८ चा रुपया आज घरोघरी सापडतो. शंभराहून अधिक वर्षे झाली तरी झिजलेल्या १९१८ ला चांदीच्या भावापेक्षा फारसे अधिक मिळत नाही. मात्र तोच रुपया टाकसाळीतून आल्यासारखा कोरा असेल तर संग्राहक त्याच्या कितीतरी पट देतो. साल तेच, चांदी तीच, फरक अवस्थेचा.

आता दुसरी पायरी, तोलण्याची. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत वजन दाखविणारा लहान काटा आता फार महाग राहिलेला नाही आणि शाळेच्या प्रयोगशाळेत तर असतोच. चांगला रुपया ११.६ ग्रॅमच्या आसपास भरतो. फार झिजलेला ११.३ पर्यंत उतरू शकतो. झीज भरपूर आणि वजन मात्र पूर्ण, किंवा नाणे नवे दिसते आणि वजन कमी, असे असेल तर संशय घ्यावा. व्यास सुमारे साडेतीस मिलिमीटर असावा. लोहचुंबकाला रुपया चिकटता कामा नये, पण तो चिकटत नाही एवढ्यावरून खरा मानू नये, कारण तांबे व पितळही चिकटत नाही.

खरी परीक्षा आर्किमिडीजची. आठवीनववीची मुले ती सहज करतात. काट्यावर पाण्याचा पेला ठेवावा, काटा शून्यावर आणावा आणि रुपया बारीक दोऱ्याने पाण्यात असा सोडावा की तो तळाला वा कडेला टेकणार नाही. काटा जो आकडा दाखवील तेवढे ग्रॅम पाणी रुपयाने बाजूला सारले. रुपयाच्या वजनाला त्या आकड्याने भागावे. अकरा भाग चांदीच्या रुपयाला सुमारे १.१३ ग्रॅम दिसेल आणि भागाकार १०.३ च्या जवळ येईल. निम्म्या चांदीच्या रुपयाला १.२२ दिसेल आणि भागाकार साडेनऊच्या आसपास येईल. तांबे-निकेलच्या नकली नाण्याचा भागाकार नऊच्या आत राहील. नाण्याला ओरखडा नाही, आम्ल नाही, कानस नाही.

आपल्याकडे नाणे वाजवून घेण्याची रीत होती, भाषेत ‘खणखणीत नाणे’ हा शब्द त्यावरूनच आला. पण आता ते दगडावर आपटू नये, कड चेपते. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हळूच टिचकी मारावी. चांदी लांबवर घुमते, साच्यात ओतलेले खोटे नाणे बहुधा बद्द वाजते. शिवाय भिंगातून पाहावे. ओतीव नाण्यावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा मऊ असतात आणि कडेवरच्या खाचा एकसारख्या नसतात. १९३९ चा मुंबईचा रुपया फार दुर्मिळ आहे. असे साल दिसले तर शेवटचा आकडा कोरून बदललेला नाही ना, हे आवर्जून पाहावे.

बाजारात आणखी एक वस्तू मिळते. ईस्ट इंडिया कंपनीचे नाव, १८१८ सारखे एखादे साल आणि त्यावर देवदेवतांची चित्रे. अशी नाणी कंपनीने कधी पाडली नाहीत. माणसाच्या श्रद्धेचा बाजार करण्यासाठी ती अलीकडे तयार केलेली आहेत. ती कितीही जुनी व काळवंडलेली दिसली तरी नाणे म्हणून त्यांचे मोल नाही.

तिसरी पायरी अवस्था ठरविण्याची, म्हणजे दर्जा लावण्याची. मुलांना गुण देणे हा आम्हा शिक्षकांचा रोजचा उद्योग, आणि नाण्याचे गुण देण्यातही तीच पथ्ये आहेत. विद्यार्थी कोणाचा हे पाहू नये, उत्तरपत्रिका पाहावी. नाणे आपले आहे म्हणून दर्जा वाढवू नये आणि विकत घ्यावयाचे आहे म्हणून उतरवू नये.

दर्जाची नावे सर्वत्र इंग्रजीच चालतात. फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रिमली फाइन आणि अनसर्क्युलेटेड ही चार ध्यानात ठेवली तरी काम भागते. नाण्यावरचा सर्वांत उंच भाग सर्वांत आधी झिजतो, एवढे एकच तत्त्व यामागे आहे. व्हिक्टोरियाच्या रुपयावर कानावरचे केस, मुकुटातील मोती आणि पोशाखावरचे भरतकाम पाहावे. एडवर्डला मुकुट नाही, म्हणून कानाजवळचे केस व दाढी पाहावी. जॉर्जच्या रुपयावर मुकुटातील मणी, मिशी आणि तो झग्यावरचा हत्ती पाहावा.

जॉर्जचाच रुपया उदाहरणादाखल घेऊ. हत्तीच्या जागी नुसता उंचवटा उरला आहे, झग्याची नक्षी निम्मी पुसली आहे, पण सर्व अक्षरे व साल स्वच्छ वाचता येते, तो फाइन. हत्तीची आकृती ओळखू येते, नक्षी बरीचशी शाबूत आहे, मिशी व केस वेगळे दिसतात, उंच भाग तेवढे सपाट झाले आहेत, तो व्हेरी फाइन. झीज शोधावी लागते, केवळ अगदी उंच टोकांवर ती सापडते आणि अक्षरांच्या आडोशाला मूळची झळाळी शिल्लक आहे, तो एक्स्ट्रिमली फाइन. जेथे झीज मुळीच नाही तो अनसर्क्युलेटेड. अशा नाण्यावर पोत्यात एकमेकांवर आपटल्याचे बारीक व्रण असू शकतात, ते व्रण म्हणजे झीज नव्हे.

झीज आणि कच्चा ठसा यांतही फरक करावा. टाकसाळीत ठसा हलका बसला असेल तर तो भाग सपाट दिसतो, पण त्याच्यावर झळाळी असते. झिजलेला भाग सपाट आणि करडा, मंद असतो. दिव्याखाली नाणे हळूहळू तिरके फिरवावे. मूळची झळाळी चाकाच्या आऱ्यांसारखी गोल फिरते. घासून आणलेली चमक एके जागी स्थिर राहते आणि भिंगातून पाहिल्यास एकाच दिशेच्या असंख्य बारीक रेघा दिसतात.

येथे माता-भगिनींना हात जोडून विनंती आहे. सणासुदीला चांदीची भांडी घासताना त्याबरोबर रुपयेही रांगोळीने, चिंचेने किंवा दंतमंजनाने घासले जातात. हेतू चांगला असतो, पण एका घासण्यात एक्स्ट्रिमली फाइन नाणे ‘घासलेले’ म्हणून बाजूला पडते आणि त्याची किंमत पुन्हा वर येत नाही. नाण्यावरचा काळपट, निळसर, तांबूस थर म्हणजे मळ नव्हे. ती चांदीची उमरच आहे, आणि संग्राहकाला ती आवडते. रुपया धरावा तो कडेने, तोंडावर बोट लावू नये. ठेवावा तो कोरड्या कागदात वा नाण्यांसाठी मिळणाऱ्या साध्या पाकिटात.

दुसरा दोष आपल्याकडे फार आढळतो, तो कडीचा. पूर्वी रुपयांची माळ करीत. सोनार वरच्या कडेला कडी जोडून देई. पुढे कडी काढून टाकली तरी त्या जागी कडेवरच्या खाचा गुळगुळीत होतात आणि धातूचा रंग वेगळा दिसतो. म्हणून नाणे विकत घेताना छाप व काटा या दोन बाजू पाहून थांबू नये, तिसरी बाजू म्हणजे कड, ती पूर्ण फिरवून पाहावी. सराफाने परीक्षेसाठी मारलेली टोचणी, भोक, कोरलेले नाव, हे सर्व दोष दर्ज्याबरोबर स्पष्ट सांगावयाचे असतात. ‘व्हेरी फाइन, कडी काढलेली’ असे म्हणणे प्रामाणिकपणाचे. नुसते ‘व्हेरी फाइन’ म्हणणे हे अर्धसत्य.

परदेशात दर्जा आकड्यांत देतात. डॉ. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली अमेरिकेच्या जुन्या सेंटसाठी एकपासून सत्तरपर्यंतचे मोजमाप सुचविले. १९८६ आणि १९८७ साली तेथे अशा संस्था निघाल्या की ज्या नाणे तपासून, आकडा देऊन, पेटीत बंद करून देतात. आपल्याकडील लिलावांतही आता अशी नाणी येतात. या आकड्यांचा अर्थ शाळेतल्या टक्क्यांसारखा मात्र नाही. साठ गुणांचे नाणे तीस गुणांच्या दुप्पट किमतीचे असे गणित नसते. कधी किंमत थोडीच वाढते, कधी दसपट होते. आणि साध्या नाण्याला तपासणीचा खर्चच नाण्याच्या किमतीहून अधिक होतो. ज्या नाण्याची किंमत मोठी आहे, त्यालाच तो खर्च शोभतो.

आता चौथी पायरी, किंमत. रास्त किमतीला तळ असतो आणि छत असते. तळ म्हणजे चांदी. नाण्याचे वजन गुणिले चांदीचे प्रमाण गुणिले त्या दिवशीचा भाव. समजा, झिजलेला रुपया ११.४ ग्रॅम भरला, तर त्यात ११.४ च्या बारापैकी अकरा हिस्से, म्हणजे १०.४५ ग्रॅम चांदी. ग्रॅमला १०० रुपये धरले तर १,०४५ रुपये हा त्याचा तळ. वितळविण्याची घट व कसर म्हणून घेणारा यातून थोडे वजा करील, ते समजण्यासारखे आहे. निम्मे वजा करील, ते समजण्यासारखे नाही.

छत म्हणजे तसेच नाणे अलीकडे प्रत्यक्षात जेवढ्याला विकले गेले ती किंमत. ‘तसेच’ या शब्दावर माझा जोर आहे. राजा तोच, साल तेच, टाकसाळ तीच, दर्जा तोच आणि दोषही तेच. दुकानात चिकटविलेली किंमत ही विकणाऱ्याची इच्छा असते, विक्री नव्हे. लिलाव करणाऱ्या संस्था प्रत्यक्ष विक्रीच्या किमती प्रसिद्ध करतात, त्या पाहाव्यात. अशा पाच विक्री जमवाव्यात आणि चढत्या क्रमाने मांडाव्यात. समजा, त्या २,६००, २,९००, ३,०००, ३,२०० आणि ५,४०० अशा आल्या. सरासरी काढली तर ३,४२० येते. पण ती सरासरी एका ५,४०० मुळे फुगली आहे. त्या दिवशी दोन हौशी माणसे ईर्ष्येला पेटली असतील. मधली किंमत ३,०००, तीच धरावी. लिलावात घेणाऱ्याने दिलेल्या रकमेत लिलाववाल्याचा हिस्सा व कर असतो, तो विकणाऱ्याला मिळत नाही. व्यापाऱ्यालाही भाडे, भांडवल आणि नफा सांभाळावयाचा असतो. म्हणून विकणाऱ्याच्या हाती छतापेक्षा काही कमी येणार हे गृहीत धरावे. नाणे साधे व झिजलेले असेल तर किंमत तळाजवळ राहील. दुर्मिळ व निर्दोष असेल तर तळाचा विचारच सोडावा, छताकडे पाहावे. कडी, भोक, घासणे असे दोष असतील तर पुन्हा तळाकडे यावे.

जसे कमी किमतीला फसणारे आहेत, तसे मोठ्या आशेने फसणारेही आहेत. ‘तुमच्याकडे अमुक नाणे आहे का, आम्ही लाखो देतो’ अशी चित्रे मोबाईलवर फिरतात. माणूस संपर्क साधतो, मग नोंदणीची फी, कराची रक्कम, दलाली असे करीत त्याच्याचकडून पैसे काढले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सूचना देऊन सांगितले की जुन्या नाण्यांच्या व नोटांच्या अशा व्यवहारांत बँक पडत नाही, कोणाकडून फी वा दलाली मागत नाही आणि आपल्या वतीने ती घेण्याचा अधिकारही तिने कोणास दिलेला नाही. जो घेणारा आधी तुमच्याकडूनच पैसे मागतो, तो घेणारा नव्हे.

कायद्याच्याही दोन गोष्टी माहीत असाव्यात. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुराणवस्तूंत मोडते आणि ते खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आखातात नोकरीला असलेल्या भावाला आठवण म्हणून राणीछाप रुपया पाठविण्यापूर्वी हे ध्यानात घ्यावे. दुसरे, शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाण्यांचा ठेवा सापडला तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. तो परस्पर विकणे हा गुन्हा आहे.

वाटणीविषयी दोन शब्द बोलून आटोपते घेतो. वडिलांच्या पश्चात पेटीतले तीस रुपये निघाले आणि तीन भावांनी दहा दहा वाटून घेतले. मोजणी बरोबर झाली, पण वाटणी बरोबर झाली का? एकाच्या वाट्याला सगळे निम्म्या चांदीचे गेले असतील, दुसऱ्याच्या वाट्याला एखादा कोरा १९११ गेला असेल. आणि बहिणीचा हिस्सा? तो तर पुष्कळदा मोजलाच जात नाही. माप पुरते द्या, ही आपल्या दीनची शिकवण आहे. पण माप पुरते देण्यासाठी ते आधी कळले पाहिजे. न कळता दिलेल्या कमी मापानेही घेणाऱ्याचे नुकसान होतेच.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक घरी मुलामुलींनी एक वही करावी. घरातील प्रत्येक नाण्याला एक ओळ. राजा, साल, टाकसाळीची खूण, वजन, दर्जा, दोष. दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढून ठेवावे. काटा व भिंग शाळेत आहे, शनिवारी दुपारी आमचे छंद मंडळ भरते, तेथे नाणी तपासून देण्यास आम्ही तयार आहोत. आम्ही नाणी विकत घेत नाही आणि विकतही नाही, केवळ वाचून दाखवितो. ज्यांना अधिक पाहावयाचे असेल त्यांनी मुंबईत फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय मुलांसह अवश्य पाहावे. खरे नाणे शंभर वेळा पाहिलेल्या डोळ्याला खोटे नाणे एका नजरेत खटकते.

मित्रहो, रुपया विकावा लागणे यात कमीपणा नाही. तो अडचणीसाठीच जपलेला होता. ज्या आजीने पोटाला चिमटा घेऊन तो बाजूला ठेवला, तिला अक्षरओळख नसेल, पण त्याचे मोल तिला पक्के ठाऊक होते. तिच्या नातवंडांना वाचता येते. त्यांनी त्यावरचे चार आकडे वाचावेत, एवढीच अपेक्षा आहे.